घरातून कचेरीकडे (लेखांक ७) : पहिल्या भेटीची खातरजमा

कचेरीतल्या संगणकाचा संपूर्ण पडदा घरच्या लिनक्सवर कसा आणावा, हे या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु सोलापूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आणि तो विषय पुढे ढकलणे मला भागच पडले. त्या लिहितात, "एसएसएचने प्रथम जोडणी करताना, समोरच्या यंत्राची सत्यता पटवता येत नाही असे सांगून पुढे जायचे की नाही हे विचारले जाते आणि वर अगम्य अक्षरांची एक ओळ दिसते. सगळे 'येस' लिहितात म्हणून मीही लिहिले. चुकले का?"

होय, चुकले, आणि ती चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यावर एक सबंध लेखांक खर्ची घालणे मला आवश्यक वाटते.

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील संगणकजाळ्यावर कोणीतरी पाळत ठेवून पासवर्ड चोरले, तेव्हा टेलनेटसारख्या, सारा मजकूर उघड्यावर वाहून नेणाऱ्या साधनांना पर्याय म्हणून तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी कूटबद्ध जोडणी करणारे एसएसएच निर्माण केले, आणि एफटीपीचा २१ व टेलनेटचा २३ यांच्यामधला २२ हा रिकामा पोर्ट क्रमांक त्याच्यासाठी मागून घेतला. कूटबद्धतेमुळे वाटेत कान लावून बसणाऱ्याचा बंदोबस्त झाला खरा. परंतु लखोटा कितीही पक्का बंद केला, तरी तो तोतयाच्याच हाती पडला तर त्या बंदोबस्ताचा उपयोग काय? ती अगम्य ओळ याच शंकेचे उत्तर आहे.

जुन्या दप्तरांतील मोडी कागद ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना आरंभीचा शिक्का आणि अखेरचे मोर्तब ठाऊक असते. कागद अस्सल की बनावट, याचा निवाडा करताना अभ्यासक प्रथम त्यांकडे पाहतो. मात्र शिक्क्याचा ठसा सर्वांसमोर असल्याने निष्णात कारागीर त्याची नक्कल करू शकतो, तर येथे यंत्र आपली सार्वजनिक किल्ली दाखवते आणि तिची जोडीदार खाजगी किल्ली कधीही बाहेर न काढता, केवळ स्वाक्षरी करून ती आपल्यापाशी असल्याचे सिद्ध करते. पडद्यावरची ओळ म्हणजे त्या सार्वजनिक किल्लीचा ठसा होय. पूर्वी तो सोळा जोड्यांचा असे, २०१५ पासून ओपनएसएसएचमध्ये तो त्रेचाळीस अक्षरांचा दिसतो. एकदा 'येस' म्हटले की घरच्या संगणकावरील 'नोन होस्ट्स' या नोंदवहीत ती किल्ली दाखल होते आणि पुढील प्रत्येक भेटीत तिच्याशी ताडून पाहिले जाते. म्हणून पहिली नोंदच तोतयाची झाली, तर नंतरची सारी चौकशी त्याचीच ग्वाही देत राहते.

सहा वर्षांपूर्वी एका रात्री मला नेमका याच्या उलट अनुभव आला. किल्ली बदलली असल्याचा मोठा इशारा देऊन एसएसएचने जोडणी साफ नाकारली. मी नोंद न पुसता आमच्या सिस्टीम ॲडमिनना दूरध्वनी केला. त्यांनी त्याच दुपारी यंत्र नव्याने उभारले होते, पण कोणालाही वर्दी दिली नव्हती; तेव्हा मोठी लिपी, लहान लिपी असे सांगत त्यांनी नवा ठसा मला अक्षरश: वाचून दाखवला, आणि तो जुळल्यावरच मी जुनी नोंद काढली. पाच मिनिटे लागली. ती व्यर्थ गेली असे मला आजही वाटत नाही.

सोय फार साधी आहे. कचेरीत, त्या यंत्रासमोर बसून, 'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा एल व एफ या खुणांसह यंत्राच्या सार्वजनिक किल्लीच्या फाइलवर चालवली की ठसा दिसतो. यंत्राकडे एकाहून अधिक प्रकारच्या किल्ल्या असतात आणि प्रत्येकीचा ठसा निराळा, तेव्हा प्रकारासह तो उतरवून घ्यावा. ओपनएसएसएचच्या २०१९ मधील ८.० या आवृत्तीपासून तर 'येस' ऐवजी तो ठसाच उत्तरादाखल लिहिता येतो. मग अक्षरे जुळवण्याचे काम यंत्र स्वतः करते, आणि माझ्या मते हाच मार्ग सर्वोत्तम आहे.

सोलापूरच्या भगिनींनी सोमवारी कचेरीत गेल्यावर हा ठसा कागदावर घ्यावा, घरच्या नोंदवहीतल्या किल्लीच्या ठशाशी ताडून पाहावा आणि काय आढळले ते मला अवश्य कळवावे. पडद्याचा विषय पुढच्या आठवड्यात घेऊ.