चिंचेचं आंबट, रीसलिंगचं आंबट

भोरहून भाटघरच्या जलाशयाच्या कडेनं आत जा, नाहीतर वेल्ह्यात तोरण्याच्या पायथ्याशी उतरा, आणि एखाद्या घरी जेवायला बसा. ताटात वाफाळता इंद्रायणी किंवा आंबेमोहोर, शेजारी चिंच कोळून घातलेलं माशाचं नाहीतर खेकड्याचं कालवण. या कालवणाबरोबर जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची कोरडी पांढरी वाइन, म्हणजे रीसलिंग, विलक्षण जुळते. का जुळते ते कळलं की थक्क व्हायला होतं. दोन्हींतलं मुख्य आंबट एकच आहे!

लिंबाचा आंबटपणा सायट्रिक आम्लाचा, सफरचंदाचा मॅलिक आम्लाचा. टार्टारिक आम्ल भरभरून साठवणारी फळं मात्र अगदी थोडी, आणि त्यांत ठळक दोन: द्राक्ष आणि चिंच. एक वेल, दुसरा शेंगांच्या कुळातला वृक्ष. एकमेकांशी जवळचं नातं नाही. चिंचेच्या शंभर ग्रॅम गरात हे आम्ल दहा ग्रॅमच्या आसपास असतं. चिंच पिकते, साखर वाढते, तरी आम्ल जागचं हलत नाही. म्हणून पिकलेली चिंच एकाच वेळी गोडही लागते आणि दातही आंबवते. देवघरातली तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं लख्ख होतात, तीसुद्धा याच आम्लामुळे.

साम्य इतक्यावर थांबत नाही. १८४८ साली पंचविशीतल्या लुई पाश्चरनं टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली निवडले. ते दोन प्रकारचे निघाले, उजव्या आणि डाव्या हातासारखे: आकार तोच, पण एकावर एक बसत नाहीत. रेणूंनाही डावं-उजवं असतं, हे विज्ञानाला प्रथम उमगलं ते इथे. आणि निसर्गानं द्राक्षात जो ‘हात’ घडवला, नेमका तोच चिंचेतही घडवला आहे.

मोझेलचा प्रदेश पन्नास अंश उत्तरेला. तिथल्या द्राक्षमळ्यांचे उतार काही ठिकाणी इतके खडे आहेत की ब्रेम गावाजवळच्या कालमाँटवर चढ पासष्ट अंशांपर्यंत जातो. पायाखाली पाटीचा दगड, सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या गाळाचा. त्यापुढे राजगड-तोरण्याचा साडेसहा कोटी वर्षांचा काळा कातळ तरुणच म्हणायचा. मोझेलचा पाटीचा दगड दिवसा तापतो आणि रात्री वेलींना ऊब देतो. तरीही रीसलिंग उशिरा, बहुधा ऑक्टोबरात पिकते, आणि थंडीमुळे तिच्यात टार्टारिकबरोबर मॅलिक आम्लही टिकून राहतं. उन्हाच्या प्रदेशात द्राक्ष पिकताना मॅलिक आम्ल वापरून टाकतं, टार्टारिक मात्र सहसा सोडत नाही. भोर-वेल्ह्याच्या धुवाधार पावसात द्राक्षवेल नव्हे, भातच शोभतो. पण नाशिकला सुला या वाइन कंपनीनं रीसलिंग द्राक्षाची वाइन केली आहे. तिथे तोडणी हिवाळा सरता सरता होते.

आता ताटाकडे वळू. जेवणापेक्षा वाइन कमी आंबट असेल तर ती पाणचट लागते. चिंचेच्या कालवणापुढे बहुतेक वाइन हरतात त्या याच कारणानं. लिटरमागे सात-आठ ग्रॅम आम्ल बाळगणारी रीसलिंग हरत नाही. तिच्यात तांबड्या वाइनचा तुरटपणा जवळपास नसतो, हेही माशाबरोबर सोयीचं. आणि सुवासिक भाताचा वास तिच्या फुलांच्या, हिरव्या सफरचंदाच्या गंधाखाली दबत नाही. मला या जोडीतलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

तिखटाचं मात्र सांभाळावं लागतं. अल्कोहोलमुळे मिरचीची आग वाढते. कोरड्या जर्मन वाइनच्या बाटलीवर ‘ट्रोकन’ लिहिलेलं असतं आणि तिच्यात लिटरमागे जास्तीत जास्त नऊ ग्रॅम साखर चालते. एवढ्याशा गोडीनं झणझणीत रस्सा शमत नाही. तांबडा रस्सा असेल त्या दिवशी किंचित गोडसर ‘काबिनेट’ घ्यावी.

बाटली थंड करा, पण बर्फासारखी गार नको. आठ ते दहा अंश पुरे, नाहीतर वास मिटतो. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर बाटली परत करू नका. ते टार्टारिक आम्लाच्याच एका क्षाराचे स्फटिक असतात, आणि निर्धोक असतात.