माझी दोरी कुठली?

गोफ तुम्ही पाहिलाच असेल. वर आढ्याला रंगीत दोऱ्या बांधतात. एकेक दोरी हातात धरून मुले नाचतात. निम्मी डावीकडून जातात, निम्मी उजवीकडून. समोरच्याच्या एकदा आतून, एकदा बाहेरून. दोऱ्यांची वेणी होते. तीच पावले उलटी टाकली की वेणी सुटते.

आमच्या शाळेत एक मुलगी पायाने अधू होती. तिला आम्ही बाजूला बसवून टाळ्या वाजवायला सांगायचो. आम्हाला वाटे, हीच दया! एके दिवशी तिने विचारले, "गुरुजी, माझी दोरी कुठली?" आम्हाला उत्तर सुचेना.

दुसऱ्याच दिवशी दोरी वाढवली. जोडी लागते, म्हणून दोन वाढवल्या. ढोलकीचा ठेका संथ केला. पहिल्यांदा गुंता झाला. मुले तिच्यावर ओरडली. आम्ही गुंता सगळ्यांकडून मिळून सोडवून घेतला. तेव्हा कळले, चुकला होता एक धडधाकट पोरगाच! मग शेजारची मुलेच तिला हळूच सांगू लागली, "आता आतून गं, आता बाहेरून."

आता तर २०१६ चा कायदाच आहे. शाळेने अपंग मुलांना खेळांतही इतरांच्या बरोबरीने घ्यायचे.

गॅदरिंगला गोफ सुटायला अंमळ वेळ लागला. ढोलकीवाला कुरकुरला. कुरकुरू दे बापडा.