आधी ब्रेक, मग इंजिन

परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड या गावांत वाड्याच्या बाजूच्या बोळीत, आडत दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, नाहीतर शेतातल्या आखाड्यावर अजून एखादी प्रीमियर पद्मिनी उभी दिसते. टायर बसलेले, टपावर तुराट्या रचलेल्या, काचेवर बोटभर धूळ. घरच्यांना ती विकवत नाही आणि चालवताही येत नाही. मग एखाद्या दिवाळीला पुण्याहून नातू येतो, नवी बॅटरी जोडतो, कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल ओततो आणि सेल्फ मारतो. इंजिन खोकतं, निळा धूर सोडतं, सुरू होतं. सगळं घर अंगणात येतं. त्याच आनंदात कुणीतरी म्हणतं, जिंतूर रस्त्यापर्यंत एक चक्कर मारून येऊ. इथं हात धरून थांबवायला हवं. गाडी चालू होणं आणि गाडी रस्त्यावर येणं यांच्यामध्ये निदान काही आठवड्यांचं काम असतं, आणि त्यातला पहिला भाग थांबण्याचा आहे.

ही गाडी आपल्या मातीतली आहे, हे सांगितलं पाहिजे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. फियाटशी करार झाल्यावर तिथून पन्नाशीच्या दशकात ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली जाणारी गोलमटोल गाडी निघाली, १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, आणि सत्तरीच्या दशकात त्याच गाडीचं नाव पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअरचा दांडा बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली. परवान्यांच्या त्या काळात नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची, अशी ही गाडी मिळायची. तालुक्याच्या गावी ती डॉक्टरकडे, वकिलाकडे, कापसाच्या व्यापाऱ्याकडे आली. मुंबईतली पद्मिनीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली.

मुंबईची गाडी खाऱ्या हवेनं खालून कुजते. आपल्याकडं हवा कोरडी, त्यामुळं बऱ्याच पद्मिनींचा पत्रा आश्चर्य वाटावं इतका शाबूत असतो. आपल्या उन्हाळ्याचा मार बसतो तो रबरावर. पारा चव्वेचाळीसच्या वर जाणाऱ्या जिल्ह्यात दहा-पंधरा उन्हाळे काढलेला होजपाइप हातात घेतला की बिस्किटासारखा मोडतो. दाराचं बीडिंग, इंजिनखालची माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, फॅनबेल्ट, सगळ्यांची तीच गत. त्यात काळी जमीन. पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार. फरशी न घालता उभी केलेली गाडी एका अंगाला रुतते आणि त्या बाजूचे मागचे पाटे कायमचे दबतात. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असतंच. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलंय का, तेही बघावं.

गाडी जागेवरून हलवायच्या आधी चारही चाकं काढून ड्रम उघडायचे. जुन्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि सगळा दाब एकाच मास्टर सिलिंडरमधून. म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम गेला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि गाडी उभी राहिली की तो ओलावा सिलिंडरच्या आत बसून लोखंडाला खड्डे पाडतो. अशा खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नुसतं नवं किट टाकलं की ब्रेक आठवडाभर छान लागतो, मग पुन्हा गळती सुरू. कारण नव्या रबराला बसायला गुळगुळीत भिंतच नसते. खड्डे खोल असतील तर सिलिंडर बदलायचा, नाहीतर स्लीव्ह बसवून घ्यायची. रबरी ब्रेक होज वरून धडधाकट दिसले तरी ठेवायचे नाहीत, कारण ते आतून सुजून बंद होतात. पेडल सोडलं तरी चाक जाम राहतं, ते यामुळं. लोखंडी नळ्या गंजल्या असतील तर त्याही नव्या. मग शू-लायनर, नवं ऑइल, आणि मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढायची. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आपण कौतुकानं सांगतो. ती इंजिनाच्या बाबतीत एखादवेळ चालेल, ब्रेकच्या बाबतीत अजिबात नाही.

टायरचंही तसंच. नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, असं समजू नये. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षांपूर्वीचा टायर असेल तर तो आणि त्यातली ट्यूब दोन्ही टाकून द्यावीत.

यानंतर इंजिन. जाणता मिस्त्री आधी सेल्फला हात लावत नाही. तो चारही प्लग काढतो, प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडतो आणि दोन-तीन दिवस तसंच ठेवतो. रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात. कोरड्यातच सेल्फ मारला तर त्या तुटतात किंवा सिलिंडरवर ओरखडे उठतात. प्लग बाहेर असतानाच गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच ढकलायची. इंजिन मोकळं फिरलं की ऑइल आणि फिल्टर बदलायचे, रेडिएटर धुवायचा.

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढावंच लागतं. ते उडून जातं आणि मागे राळेसारखा चिकट थर ठेवतं. तोच थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. टाकी खाली उतरवून आतला गंज धुतला नाही, तर सारखा फिल्टर बदलत बसावं लागतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि ही गाडी त्यासाठी घडलेली नाही. म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घ्यावेत, टाकी अर्धवट भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. ठिणगीचं काम त्यामानानं सोपं. पॉइंट घासून साफ करायचे, कंडेन्सर नवा टाकायचा. ज्याच्याकडं लॅपटॉप नाही असा मिस्त्रीही कानानं टायमिंग लावतो. ही पिढी अजून गॅरेजमध्ये आहे तोवर काम करून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. भाग मिळतात, ती माणसं मिळणार नाहीत.

कागदांचा प्रश्न लोकांना उगाच जास्त घाबरवतो. दिल्लीतला पंधरा वर्षांचा नियम महाराष्ट्राला लागू नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं तपासणी होऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण. परभणीच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे एमएच-२२ मध्ये, गाडी दाखवावी लागते. पर्यावरण कर, उशिराचा दंड, विमा आणि पीयूसी हे सगळं त्यात येतं. चारचाकीचं नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते आणखी वाढवलं गेलं. चॅसीवरचा क्रमांक आरसी बुकाशी जुळतो का, हे खर्चाला हात घालण्याआधी बघावं. जुन्या तीन अक्षरी नंबराच्या गाड्यांत आणि मूळ मालक वारलेल्या गाड्यांत वारसाचं नाव लावणं हेच खरं वेळखाऊ काम.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ दर्जा आणि ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर दिला. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. ज्याला सोनपेठचा आठवडी बाजार गाडीतून करायचाय, त्यानं साध्या नूतनीकरणाचाच रस्ता धरावा. माझ्या मते पद्मिनीला तोच शोभतो.

पहिले काही दिवस गावातच फिरवावी, चाळीसच्या आत. ब्रेक ऑइलची पातळी रोज बघावी, ड्रमला हात लावून कुठलं चाक जास्त तापतंय ते तपासावं. गंगाखेड किंवा वसमतच्या रस्त्याला लागायचं ते त्यानंतर, आणि मे महिन्यात तर सकाळी दहाच्या आत. दुपारच्या उन्हात इंजिनाला चिकटलेल्या पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. अशा वेळी जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे, दहा मिनिटं थांबायचे. तो उपाय आजही लागू पडतो, म्हणून डिकीत पाण्याचा कॅन आणि सुती फडकं ठेवावं.

पाचशे किलोमीटर झाल्यावर ऑइल पुन्हा बदलावं, थंड इंजिनावर हेडचे नट तपासून घ्यावेत. आणि दर पंधरवड्याला निदान वीस किलोमीटर तरी गाडी चालवावी.