राउटरचा विसराळूपणा

अ‍ॅक्सेस लिस्ट आज घेऊ म्हणालो होतो. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मध्ये सिल्वासाहून एक प्रश्न आला आहे आणि तो माझ्या फार आवडीचा निघाला.

मसाटच्या एका सुताच्या कारखान्यात आयटी सांभाळणारे हे वाचक. त्यांनी नव्या सिस्को राउटरला आयपी पत्ते दिले, ‘नो शटडाउन’ केलं, मुंबईच्या ऑफिसशी पिंग सुरू झालं. काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग लाइट गेली आणि आल्यावर राउटर कन्सोलवर विचारू लागला, ‘वुड यू लाइक टू एंटर द इनिशियल कॉन्फिगरेशन डायलॉग?’ पीस खराब निघाला का, असं ते विचारतात.

पीस ठणठणीत आहे. जपून ठेवलेलं काहीच सापडलं नाही की राउटर हा प्रश्न विचारतो. कमांड लाइनवर लिहिलेली प्रत्येक ओळ एंटर दाबताक्षणी लागू होते, पण राहते रॅममध्ये. ती रनिंग-कॉन्फिग. वीज गेली की ती पुसली जाते. सुरू होताना राउटर वाचतो ती स्टार्टअप-कॉन्फिग, आणि ती असते एनव्हीरॅममध्ये. पहिलीची नक्कल दुसरीत आपण करायची असते: ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’. जुनी मंडळी नुसतं ‘राइट मेमरी’ म्हणतात. यूपीएस लावून हा प्रश्न सुटत नाही, फक्त लांबतो.

एवढा त्रास असेल तर राउटरने आपणहून सेव्ह का करू नये? माझं म्हणणं उलट आहे. हा विसराळूपणाच आपल्याला तारतो.

समजा, तुम्ही मुंबईत बसून सिल्वासाच्या राउटरवर एसएसएचने शिरला आहात. बाहेरच्या इंटरफेसचा पत्ता बदलताना एक आकडा चुकला. एंटर दाबलं की स्क्रीन गोठली. चूक दुरुस्त करायची वाटच तुम्ही तोडलीत. सिल्वासाला रेल्वे स्टेशन नाही; वापीला उतरून रस्त्याने जायचं, आणि तोवर ई-वे बिलासाठी ट्रक गेटवर उभे. तिथून माल निघाला की लगेच गुजरातची हद्द, त्यामुळे बिलावाचून गाडी हलत नाही.

म्हणून बदलाला हात लावण्यापूर्वी ‘रीलोड इन 10’ द्या. सेव्ह करू का, असं राउटरने विचारलं तर ‘नो’ म्हणा. आता 10 मिनिटांनी तो आपोआप रीस्टार्ट होणार. मधल्या वेळात तुम्ही बाहेर फेकले गेलात तर चहा घ्या. राउटर चुकीची ओळ विसरून जुन्या स्टार्टअप-कॉन्फिगवर उठेल. सगळं जमलं तर ‘रीलोड कॅन्सल’ आणि त्यानंतरच ‘राइट मेमरी’. ‘कॅन्सल’ विसरलात तर चालू लाइन भर शिफ्टमध्ये काही मिनिटं बंद पडेल. किती वेळ उरलाय ते ‘शो रीलोड’ सांगतं.

ज्युनिपरने हीच सोय रीस्टार्टशिवाय दिली आहे. ‘कमिट कन्फर्म्ड’ केल्यावर 10 मिनिटांत पुन्हा कमिट केलं नाही, तर बदल मागे घेतले जातात. केबल-इंटरनेटवाल्यांच्या लाडक्या मायक्रोटिकमध्ये मात्र प्रत्येक बदल तिथल्या तिथे सेव्ह होतो, रीस्टार्टने काही परत येत नाही. तिथे आधी कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोडमध्ये जायचं. कनेक्शन तुटलं तर सेफ मोडमध्ये केलेले बदल राउटर स्वतः उलटवतो. ‘इन 10’ची सवय लागलेला माणूस मायक्रोटिकवर गाफील राहतो, तेवढं सांभाळा.

मसाटच्या वाचकांनी आणि इतरांनीही आज ‘शो स्टार्टअप-कॉन्फिग’ करून पाहावं. उत्तरात ‘नॉट प्रेझेंट’ दिसलं तर लाइट जायच्या आत सेव्ह करा. पुढच्या आठवड्यात अ‍ॅक्सेस लिस्ट नक्की. तिच्या शेवटी सगळं अडवणारी एक न दिसणारी ओळ असते, आणि ती पहिल्यांदा स्वतःलाच नडते. तेव्हा ‘रीलोड इन 10’चा सराव करूनच या.