प्रोत्साहन कशाशी बांधले आहे? : नोएडाच्या मोबाईल उद्योगाचे अर्थकारण

दिल्लीच्या पूर्वेस, यमुनेपलीकडे वसलेल्या मयूर विहारची वस्ती संपते न संपते तोच उत्तर प्रदेशाची हद्द लागते. मेट्रोच्या निळ्या मार्गावर मयूर विहार एक्स्टेंशननंतर न्यू अशोक नगर आणि त्यापुढे थेट नोएडा सेक्टर १५. येथील असंख्य कुटुंबांचे घर दिल्लीत व उपजीविका नोएडात आहे. ‘नोएडा’ हे मुळात कोणत्याही गावाचे नाव नव्हे. १७ एप्रिल १९७६ रोजी स्थापन झालेल्या ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी’ या प्राधिकरणाची ती आद्याक्षरे आहेत. एका सरकारी कार्यालयाचे नाव शहराला मिळावे, यातच या शहराचा जन्म कोणाच्या नियोजनातून झाला ते स्पष्ट होते.

शासन उद्योगाला साहाय्य कसे करते आणि त्या साहाय्याचे रूप कसे पालटत गेले, हे पाहण्यास नोएडाइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. पहिला टप्पा भूखंडांचा होता. दुसरा टप्पा १९८५ साली निर्यात प्रक्रिया क्षेत्राच्या रूपाने आला. कांडला येथे १९६५ मध्ये आणि मुंबईत सांताक्रूझ येथे, म्हणजे आपल्या परिचयाच्या ‘सीप्झ’मध्ये, १९७३ मध्ये हा प्रयोग झाला होता. कुंपणाच्या आत बनलेला माल परदेशी जाणार असेल तर कच्च्या मालावर सीमाशुल्क नाही, अशी ही रचना. साहाय्याची गाठ निर्यातीशी बांधलेली होती.

नेमकी हीच गाठ पुढे अडचणीची ठरली. जागतिक व्यापार संघटनेच्या अनुदानविषयक करारानुसार ‘निर्यात करा आणि अनुदान घ्या’ अशी अट निषिद्ध आहे. अल्प दरडोई उत्पन्नाच्या देशांना मिळणारी सवलत भारताने वाढत्या उत्पन्नामुळे गमावली. अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये तक्रार केली आणि ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी तंटा-समितीचा निर्णय बहुतांशी भारताच्या विरोधात गेला. भारताने अपील केले; परंतु संघटनेचे अपील मंडळच डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. तथापि निर्यातमूल्याच्या प्रमाणात पत्रके देणारी ‘एमईआयएस’ योजना केंद्राने २०२० अखेर गुंडाळली. १ जानेवारी २०२१ पासून तिची जागा ‘रोडटेप’ने घेतली. हीत निर्यातदाराने भरलेले व अन्य मार्गाने परत न मिळणारे करच परत केले जातात. कराचा परतावा निषिद्ध मानला जात नाही.

१ एप्रिल २०२० रोजी अधिसूचित झालेली इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातील उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना या पार्श्वभूमीवर समजून घ्यावयास हवी. तिची तरतूद सुमारे ४१,००० कोटी रुपयांची होती. भारतात बनलेल्या मालाची २०१९-२० च्या तुलनेत जी जादा विक्री होईल, तिच्यावर ४ ते ६ टक्के प्रोत्साहन. माल देशात विकला की परदेशात, हा प्रश्नच नाही. मात्र परदेशी मोबाईल कंपन्यांना १५,००० रुपये वा अधिक किमतीचेच फोन मोजता येत होते आणि चार वर्षांत १,००० कोटी रुपयांची नवी गुंतवणूक करणे बंधनकारक होते; देशी कंपन्यांसाठी ही मर्यादा २०० कोटींची होती.

फळ दिसले. सरकारी आकडेवारीनुसार २०१४-१५ मध्ये मोबाईलची निर्यात १,५०० कोटी रुपयांची होती, ती २०२४-२५ मध्ये २ लाख कोटींवर गेली. नोएडाच्या सेक्टर ८१ मधील सॅमसंगच्या विस्तारित कारखान्याचे उद्घाटन जुलै २०१८ मध्ये, म्हणजे ही योजना येण्यापूर्वीच, पंतप्रधान नरेंद्र मोदी व दक्षिण कोरियाचे तत्कालीन अध्यक्ष मून जे-इन यांच्या हस्ते झाले होते. वर्षाला १२ कोटी फोनची क्षमता गाठण्याचे त्याचे उद्दिष्ट होते.

सॅमसंगचा उल्लेख केवळ शेजार म्हणून नव्हे. ही कंपनी ज्या देशात वाढली, त्या कोरियाने १९६२ साली पहिली पंचवार्षिक योजना आखली. त्याआधी वर्षभरच बँका शासनाच्या ताब्यात आल्या होत्या. निर्यातदारास बाजारदराहून कितीतरी स्वस्त कर्ज मिळे, पण उद्योगनिहाय निर्यातीची लक्ष्ये ठरलेली असत आणि दरमहा खुद्द राष्ट्राध्यक्षांसमोर त्यांचा आढावा होई. १९६४ मध्ये १० कोटी डॉलर असलेली निर्यात १९७७ मध्ये १,००० कोटी डॉलर झाली. त्या काळी असे निर्बंधच नव्हते. आजच्या निर्यातदार देशांना तो मार्ग मोकळा नाही.

आता सूत्राचा हिशेब पाहू. समजा, एका कारखान्याची आधारवर्षातील विक्री १०० कोटी होती, ती १६० कोटी झाली. जादा विक्री ६० कोटी. ५ टक्क्यांनी प्रोत्साहन ३ कोटी. फोनच्या किमतीत ८५ टक्के वाटा आयात भागांचा असेल, तर या ६० कोटींत देशात झालेली मूल्यवृद्धी अवघी ९ कोटींची. म्हणजे तिचा तिसरा हिस्सा राजकोषातून आला. दुसऱ्या कारखान्याने देशातच ४० टक्के मूल्यवृद्धी केली, तरी त्यालाही ३ कोटीच. सूत्र विक्री मोजते, कारागिरी नव्हे. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांनी २०२३ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले. सुट्या भागांची आयात वजा केल्यास निर्यातीतील यश उरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. शासनाने ते फेटाळले. आयात होणारे सगळेच भाग मोबाईलमध्ये जात नाहीत, हे शासनाचे उत्तर. ते उत्तर निराधार नाही, परंतु मूळ आक्षेप त्याने पुरता मिटत नाही.

शिवाय अर्थसंकल्पात न दिसणारे साहाय्य निराळेच. आयात फोनवरील सीमाशुल्क २०१७ मध्ये १० टक्क्यांनी सुरू होऊन फेब्रुवारी २०१८ मध्ये २० टक्क्यांवर गेले आणि जुलै २०२४ मध्ये १५ टक्क्यांवर आले. अशा संरक्षणाचा भार थोड्याफार प्रमाणात दुकानात फोन घेणारा ग्राहकच उचलतो.

बँकेच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळी आहे. प्रोत्साहनाचा दावा आधी विक्री, मग लेखापरीक्षित आकडे, मग छाननी या क्रमाने निकाली निघतो. मधल्या काळात पगार, वीज व कच्चा माल यांचा खर्च खेळत्या भांडवलातूनच भागवावा लागतो. ताळेबंदात ‘येणे’ दिसणारे प्रोत्साहन म्हणजे रोकड नव्हे, हे कर्ज मंजूर करणाऱ्याने आणि घेणाऱ्याने सारखेच ध्यानी ठेवावे. मोठ्या कारखान्यास खोकी, प्लॅस्टिकचे भाग वा चार्जर पुरवणाऱ्या लहान उद्योजकाला तर या योजनेतून थेट काहीच मिळत नाही. त्याला मिळते ती मागणी. त्याचे संरक्षण २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात आहे. सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे देयक जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या ‘ट्रेड्स’ मंचावर स्वीकृत बिल वटवून त्याला रक्कम त्याआधीही उचलता येते. निर्यातदारांना बँकांमार्फत मिळणारी व्याज समानीकरण सवलत मात्र ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली.

सुट्या भागांची उणीव शासनालाही जाणवली आहे. मार्च २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक घटक उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांची स्वतंत्र योजना मंजूर केली. डिस्प्ले व कॅमेऱ्याची जुळणी, बहुस्तरीय सर्किट बोर्ड, लिथियम-आयन सेल असे घटक तीत आहेत. प्रोत्साहनाचा काही भाग रोजगारनिर्मितीशी जोडला आहे, तर काही घटकांसाठी साहाय्य भांडवली खर्चावर मिळणार आहे. दरम्यान ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने भारताच्या वाहन व बॅटरी क्षेत्रांतील प्रोत्साहन योजनांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे धाव घेतली. त्यांतील देशांतर्गत मूल्यवृद्धीची अट स्वदेशी मालाची सक्ती करते, असा त्याचा आक्षेप आहे. मोबाईलच्या योजनेत जी अट नसल्याची टीका झाली, तीच अट येथे तक्रारीचे कारण बनली आहे.