रस्ता सरकारचा, गेट माझे

बेंगळुरूत प्लॉटचा आकार सांगताना कोणी चौरस फूट मोजत बसत नाही. ‘थर्टी-फॉर्टी’ म्हटले की ऐकणाऱ्याला 1,200 चौरस फूट समजतात. 1976 मध्ये स्थापन झालेल्या बेंगळुरू विकास प्राधिकरणाने, म्हणजे बीडीएने, असे प्लॉट हजारोंनी वाटले, तेव्हा बैठे घर आणि अंगणात एखादी स्कूटर एवढाच हिशेब होता. पुढे आयटी आले, त्यामागून भाडेकरू आले आणि त्याच प्लॉटवर तीन-चार मजले चढले. खाली ओनर (घरमालकाला इथे ओनरच म्हणतात), वर भाडेकरू, नाहीतर अख्ख्या इमारतीत पीजी. गाड्यांसाठी सोडलेल्या स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यात, कुठे दुकान निघाले, कुठे आणखी एक खोली. गाड्या रस्त्यावर आल्या. 2022 च्या सुमारास शहरातल्या नोंदणीकृत वाहनांनी एक कोटीचा आकडा ओलांडला. त्यात दुचाकीच जास्त. भांडणे मात्र चारचाकीवरून.

त्यातला कायद्याचा एक भाग तोवर मुंबईत निकाली निघाला होता. दहिसरच्या पांचाली सोसायटीत स्टिल्टमधल्या 25 जागा आपल्याच मालकीच्या आहेत, असे बिल्डर म्हणत होता. 31 ऑगस्ट 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद खटल्यात त्याला सांगितले की, स्टिल्टमधली जागा हा काही स्वतंत्र फ्लॅट नव्हे आणि तिला गॅरेजही म्हणता येत नाही, त्यामुळे ती वेगळी विकता येणार नाही. निकाल महाराष्ट्राच्या 1963 च्या मोफा या फ्लॅट-मालकीच्या कायद्यावरचा असला, तरी बेंगळुरूतल्या असोसिएशनच्या सभांतही तो हिरिरीने सांगितला जाऊ लागला. 2016 च्या रेरा कायद्याने उघडे पार्किंग सामाईक जागेत घातले. तरीही किमतीच्या कागदावरची ‘कार पार्क’ची वेगळी ओळ काही गेली नाही. आणि व्हिजिटर पार्किंगमध्ये सहा महिने दुसरी गाडी उभी करून ठेवणाऱ्या शेजाऱ्याचे काय करायचे, हे ना दहिसरच्या निकालात होते ना रेरात. तो प्रश्न व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि मायगेटवर गेला. सोसायटीचे गेट सांभाळणारे हे ॲपही 2016 मध्ये बेंगळुरूतच सुरू झाले, यात नवल नाही.

गेटबाहेर कायदा सोपा होता. दुसऱ्याच्या फाटकाची वाट अडवायची नाही. बाकी रस्ता सार्वजनिक. घरासमोरचा आहे म्हणून तो घरमालकाचा होत नाही. पण जयनगर असो की एचएसआर लेआउट, कुंड्या, विटा, साखळ्या आणि घरीच रंगवलेले ‘नो पार्किंग’चे पत्रे रस्त्यावर उतरले ते उतरलेच. मार्च 2024 मध्ये दोड्डनेक्कुंदीत घरासमोर गाडी लावली म्हणून शेजाऱ्यांनी एका जोडप्याला मारहाण केल्याची तक्रार पोलिसांत गेली, तेव्हा कुंडीच्या पुढची पायरीही दिसली.

शिकागोच्या कडाक्यात असेच चालते. आपल्या गाडीपुरता बर्फ उपसायचा आणि त्या जागेवर जुनी खुर्ची ठेवून ती राखायची. बॉस्टनने याला मुदत घातली: हिम-आणीबाणी उठल्यानंतर 48 तास, त्यापुढे खुर्ची पालिकेची. तिथल्याच साउथ एंड या वस्तीने 2015 मध्ये ही चालच बंद केली. तिथला माणूस निदान फावडे तरी मारतो. बेंगळुरूची कुंडी बारा महिने, तीही बिनश्रमाची.

सरकारने उपाय काढला नाही असे नाही. 2021 च्या सुरुवातीला पार्किंग धोरण 2.0 मंजूर झाले. घराजवळ रस्त्यावर गाडी ठेवायची तर वर्षाचा परवाना घ्यायचा: लहान गाडीला 1,000 रुपये, मधल्या गाडीला 3,000 ते 4,000, एसयूव्हीला 5,000. लहान गाडीला महिन्याला शंभर रुपयेही न पडणारी ती रक्कम ऐकून शहर खवळले. स्वतःच्या दारात गाडी लावायला पैसे? रोड टॅक्स कशाचा भरतो मग? परवाने घरोघरी पोहोचलेच नाहीत. उलट पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2022 मध्ये, टोइंगवाल्यांच्या अरेरावीच्या तक्रारींमुळे गाड्या उचलणेही थांबवले गेले. वाकडी गाडी लावणाऱ्याला धास्ती होती ती तेवढीच.

मग पाऊस आला. 4 आणि 5 सप्टेंबर 2022 च्या दरम्यान शहरात 131.6 मिलिमीटर पाणी पडले. सर्जापूर रोडवरच्या रेनबो ड्राइव्हसारख्या वसाहतींतून लोक ट्रॅक्टरवर बसून बाहेर पडले, बेसमेंटमधल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या. पाणी वाहून नेणारे राजकालुवे, म्हणजे तलावांना जोडणारे नाले, जागोजागी बुजवलेले. अशा वेळी पंप लावून बेसमेंट उपसले, तरी ते पाणी रस्त्यावरून शेजारच्या इमारतीच्या उतारावर जायचे. त्यांनी उपसले की पुढच्याकडे. स्लॉटसाठी वर्षभर भांडणारे बादल्या घेऊन उतरले, तसे ‘माझी गाडी वर काढली आहे’ म्हणून दार लावून बसणारेही होते.

दीड वर्षाने नेमके उलटे झाले. मार्च 2024 च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास 5,000 रुपये दंड लागू झाला. पहिल्या काही दिवसांत 22 कुटुंबांकडून 1 लाख 10 हजार वसूल झाले.

19 मे 2025 च्या पावसात बीटीएम लेआउटमधल्या एका अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये पाणी भरले. ते बाहेर काढण्यासाठी मोटर लावताना तिथल्या एका वयस्कर रहिवाशाला विजेचा धक्का बसला. ते गेले आणि जवळ असलेला, इमारतीत काम करणाऱ्याचा 12 वर्षांचा मुलगाही गेला. पालिकेची माणसे यायची वाट न पाहता शेजाऱ्यांपैकीच कोणीतरी पाण्यात उतरायचे, ही रीत शहराने इतकी गृहीत धरली होती की ओल्या तळघरात वीज आधी कोणी तोडायची, हे ठरलेलेच नसायचे.

त्यानंतर उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी सखल भागात यापुढे बेसमेंट नको, गाड्या तळमजल्यावर स्टिल्टमध्ये लावा, असा विचार बोलून दाखवला. तो नव्या इमारतींपुरता. जुन्या ठिकाणी पंप, पाइप आणि जनरेटर यांच्या वर्गणीचा विषय सभेत निघतो, आणि ‘माझ्याकडे गाडीच नाही, मी का भरू?’ असे विचारणारा एक जण असतोच. कर्नाटकच्या 1972 च्या अपार्टमेंट मालकी कायद्यात याचे उत्तर आहे: सामाईक जागा वापरत नाही म्हणून सामाईक खर्चातून सुटका नाही. सेक्रेटरी ते वाचून दाखवतो. विचारणारा म्हणतो, मग मला स्लॉट द्या.