कळा येणे आणि कळा आणणे

गेल्या वर्षी गौरी-गणपती उठले आणि त्याच आठवड्यात माझ्या भाचीचे दिवस भरले. वर पाच दिवस गेले तरी कळांचा पत्ता नव्हता. डॉक्टरांनी सांगितले, गुरुवारी सकाळी दाखल व्हा, कळा आणू. घरात लगेच दोन पक्ष पडले. माझी बहीण म्हणाली, फळ पिकलं की आपोआप गळतं, त्याला काठी कशाला मारायची? सासूबाई म्हणाल्या, विषाची परीक्षा कशाला? आणि पितृपंधरवडा लागायच्या आत झालेलं बरं. भाचीने दोन्ही ऐकून घेतले आणि रात्री मला फोन केला. "मावशी, तू एवढं वाचतेस. तुला काय वाटतं?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. मी डॉक्टर नाही. पण त्या प्रश्नाच्या मागे लागून जे हाती आले ते इथे मांडते आहे.

बहिणीची उपमा तिची स्वतःची नव्हे, हे आधी सांगायला हवे. काळ पूर्ण झाला की देठापासून फळ सुटावे तसा गर्भ सुटतो, असे सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे. गंमत अशी की त्या अध्यायाचा विषय आहे मूढगर्भ, म्हणजे सुटायचा तो अडून बसलेला गर्भ. पिकल्या फळाची आठवण सुश्रुताला झाली ती न गळणाऱ्या फळांचा विचार करताना. चरकाने तर कळ आलेली नसताना बाईला जोर करायला लावू नये, असे बजावले आहे. (१८८६ साली आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाला एम.डी.साठी प्रबंध लिहिला, तोही आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर.) आपली रोजची भाषासुद्धा हे दोन्ही जाणते. कळा 'येतात', त्यांच्यावर आपला हुकूम नाही. पण बाळंतपण पार पडले की आपण म्हणतो बाई 'सुटली', 'मोकळी झाली'. आणि नाही पडले तर 'अडली'. निसर्गावर सोडून दिलेल्या बाळंतपणाला आपल्या आज्या किती भ्यायच्या, ते या क्रियापदांत जपून राहिले आहे.

मुळात दिवस भरले म्हणजे काय? आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात. डॉक्टर जी तारीख देतात तिच्यामागे एकोणिसाव्या शतकातल्या नेगेले या जर्मन वैद्याचा हिशेब आहे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. म्हणजे आज्यांत आणि नेगेलेत दोनच दिवसांचा फरक! शंभरातली जेमतेम चार-पाच मुले नेमकी त्या तारखेला जन्मतात. तरी ती फाइलवर एकदा लिहिली गेली की घर तिच्याकडे परीक्षेच्या तारखेसारखे पाहू लागते.

कळा आणण्याचे आजचे मुख्य साधन ऑक्सिटोसिन. १९०६ साली हेन्री डेल यांना लंडनमध्ये दिसले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीचा अर्क दिला की मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते. त्यातले नेमके द्रव्य प्रयोगशाळेत बनवण्याचे काम व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये पूर्ण केले. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. पण द्रव्य तेच असले तरी ते येण्याची रीत वेगळी. शरीरात ते लाटालाटांनी सुटते; सलाईनमधून एकसारखे येत राहते. कळ आली की वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि दोन कळांच्या मध्ये बाळाला पुन्हा पुरेसा प्राणवायू मिळतो. कळा दहा मिनिटांत पाचाहून जास्त येऊ लागल्या तर ही मधली उसंतच उरत नाही. म्हणून थेंब मोजायचे, बाळाचे ठोके ऐकायचे, आणि गरज पडताच थेंब थांबवायचे. ऑक्सिटोसिनचा प्रभाव काही मिनिटांत ओसरत असल्याने हे जमते. हेच औषध दंडात किंवा मांडीत टोचले, तर दिलेले परत घेता येत नाही. म्हणून कळा आणण्यासाठी ते असे टोचू नये, असे वैद्यकशास्त्र निक्षून सांगते. माझ्या मते या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा हाच आहे.

शिवाय गर्भाशयाचे मुख तयार नसेल तर नुसते ऑक्सिटोसिन फारसे कामाचे नाही. ते किती उघडले, किती मऊ झाले, बाळाचे डोके किती खाली आले, अशा पाच गोष्टींना गुण देण्याची पद्धत एडवर्ड बिशप यांनी १९६४ मध्ये मांडली. गुण कमी असले तर आधी जेल किंवा गोळी ठेवून, नाहीतर छोटा फुगा घालून मुख मऊ करतात. यात एखादा दिवस सहज जातो. घरी मात्र कोणी हे समजावत नाही, आणि 'सकाळी दाखल, दुपारी बाळ' अशी अपेक्षा धरून बाई जाते.

नैसर्गिक बाळंतपणाचा आग्रह चळवळ म्हणून उभा राहिला तो इंग्लंडात. ग्रँटली डिक-रीड या डॉक्टरांचे 'नॅचरल चाइल्डबर्थ' १९३३ साली आले. भीतीने शरीर ताठरते, त्याने वेदना वाढते, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यात तथ्य आहे. पण 'आदिम' बायका सहज बाळंत होतात, हे त्यांनी गृहीत धरले होते. त्या 'आदिम' बायकांतल्या किती बाळंतपणात दगावतात, हे त्यांच्या चित्रात नव्हते. पुढे १९७४ च्या सुमारास इंग्लंड-वेल्समध्ये पाचांतल्या जवळपास दोन बाळंतपणांत कळा आणल्या जाऊ लागल्या, तेव्हा बायका वृत्तपत्रांतून बोलू लागल्या. आठवड्याच्या शेवटी मुले कमी जन्मतात हे आकड्यांतून दिसत होते. रविवारी निसर्ग सुट्टी घेतो की डॉक्टर, हा प्रश्न मग कोणालाही पडावा. १९७९ मध्ये ॲन कार्टराइट यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना कळा आणल्या होत्या, त्यांतल्या बहुतेकींना पुढच्या खेपेला त्या नको होत्या.

मी हे वाचून बाजू घेऊन मोकळी झाले असते. पण मग भारतातले दोन अभ्यास हाती आले आणि चित्र उलटेपालटे झाले. पॅट्रिशिया जेफरी, रॉजर जेफरी आणि अँड्र्यू लायन यांनी उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यात काम केले. त्यांचे पुस्तक १९८९ चे. तिथे बाळंतपण घरी, दाईच्या हाती, म्हणजे दिसायला अगदी 'नैसर्गिक'. पण कळा लांबल्या की गावातल्या इंजेक्शन देणाऱ्याला बोलावणे जाई, आणि तो ऑक्सिटोसिन टोचून जाई. तेच, परत न घेता येणारे. सेसिलिया व्हॅन हॉलन यांनी १९९० च्या दशकात तामिळनाडूत पाहिले ते आणखी वेगळे. सरकारी दवाखान्यातल्या गरीब बायका कळा वाढवणारे औषध स्वतःहून मागत. वेदनाशामक त्यांना मिळत नव्हते. आणि वेदना सोसण्यातून शक्ती येते, अशी त्यांची धारणाही होती. लंडनमधली बाई जे नाकारण्यासाठी झगडत होती, ते चेन्नईतली बाई मागून घेत होती.

दोघींची आवड वेगळी होती असे म्हणून मला पुढे जाववत नाही. एकीला घाई केली जात होती. दुसरीला लवकर सुटून घरच्या कामाला, थोरल्या मुलांकडे परतायचे होते. नाकारलेली किंवा मागितलेली वस्तू एकच. पण दोघींच्या मागे काय उभे होते ते पाहिल्याशिवाय त्यांच्या पसंतीचा अर्थ लागत नाही.

माझे स्वतःचे सांगते. १९८८ साली एका तालुक्याच्या गावी मी बाळंत झाले. सलाईन लावले ते ताकदीचे, असे मला सांगितले होते. तासाभरात अशा कळा सुरू झाल्या की दोन कळांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती. त्या बाटलीत काय होते ते मला कित्येक वर्षांनी, नर्स असलेल्या मैत्रिणीशी बोलताना कळले. बाळ नीट झाले. तक्रार कोणाकडे आणि कशाची करणार? औषध बहुधा योग्यही असेल. राग आहे तो 'ताकदीचे' या शब्दाचा.

हे मनात असल्यामुळेच अलीकडच्या चाचण्या मी मुद्दाम वाचल्या. २०१८ साली अमेरिकेतली 'अराइव्ह' चाचणी प्रसिद्ध झाली. पहिलटकरणी, कसलीही गुंतागुंत नसलेल्या, ६,१०६. निम्म्यांना एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा आणल्या, बाकीच्यांना थांबू दिले. कळा आणल्या की सिझर वाढते, ही सर्वसाधारण समजूत. इथे उलट दिसले. कळा आणलेल्यांत सिझर १८.६ टक्के, थांबलेल्यांत २२.२. बहिणीच्या काठीला हा चांगलाच धक्का होता. पण त्याच चाचणीतला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. पात्र ठरलेल्या २२,५३३ बायकांपैकी जेमतेम २७ टक्के सहभागी व्हायला तयार झाल्या. कळा आणायच्या की नाहीत हे सोडतीवर ठरू देणे बाकीच्यांना पटले नाही.

फार थांबणेही निर्धोक नाही. स्वीडनमध्ये एक्केचाळिसाव्या आठवड्याशी कळा आणणे आणि बेचाळिसाव्यापर्यंत वाट पाहणे यांची तुलना सुरू होती. थांबलेल्या गटात सहा बाळे दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. २०१८ मध्ये चाचणी अर्ध्यावर थांबवली गेली. तोपर्यंत २,७६० बायका तीत आल्या होत्या. म्हणजे धोका थोडाच. पण ज्या घरात तो येईल तिथे तो थोडा नसतो.

ही सगळी आकडेवारी आपल्याकडे जशीच्या तशी उचलता येत नाही. अमेरिकेतल्या बाईला बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवणारे यंत्र असते आणि मागितले तर पाठीतून देण्याचे वेदनाशामकही. आपल्या कित्येक प्रसूतिकक्षांत एका नर्सकडे किती टेबले असतात ते तिथे एकदा जाऊन आलेल्या कोणालाही विचारावे. प्रसूतीच्या वेळी बाईजवळ सोबतीण असू द्यावी, अशी सूचना केंद्र सरकारने २०१६ मध्ये केली खरी. त्याच वेळी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे खासगी रुग्णालयांतली ४७.४ टक्के बाळंतपणे सिझरने होतात, सरकारी रुग्णालयांतली १४.३ टक्के. एवढी तफावत बायकांच्या शरीरांत नसते. आणि औषधाची आपल्याकडची कथा वेगळीच. गाई-म्हशींना पान्हा सोडायला लावण्यासाठी गोठ्यांतून ऑक्सिटोसिनचा गैरवापर होतो म्हणून २०१८ मध्ये केंद्राने खासगी कंपन्यांच्या उत्पादनावर बंदी घातली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागते. त्याचा तुटवडा झाला तर काय, हा प्रश्न उभा राहिला आणि त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

भाचीला मी शेवटी एवढेच सांगितले की थांब किंवा जा, पण विचारून जा. मुख किती तयार आहे? आधी जेल की लगेच सलाईन? ठोके कोण, किती वेळाने ऐकणार? रात्री डॉक्टर कुठे असतात? आई जवळ थांबू शकते का? दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे पाच प्रश्न कागदावर लिहून घेऊन गेली. त्यांनी पहिल्या प्रश्नाला भुवया उंचावल्या आणि मग खुर्ची पुढे ओढून पाचही उत्तरे दिली, असे तिने सांगितले.

ती गुरुवारी दाखल झाली. जेल ठेवल्यावर दिवसभर काही घडले नाही, रात्री सलाईन लागले, शुक्रवारी पहाटे मुलगी झाली. बहीण अजून म्हणते, दोन दिवस थांबलो असतो तर आपोआप झालं असतं. सासूबाई म्हणतात, बघा, पंधरवड्याच्या आत झालं. भाची दोघींना चहा देते.

बारशाला गेले तेव्हा मी तिची फाइल मागून घेतली. तिच्यात एक कागद होता. दर अर्ध्या तासाची वेळ, त्यापुढे थेंबांचा आकडा, त्यापुढे बाळाचे ठोके, आणि प्रत्येक ओळीशेवटी नर्सची सही. आठ थेंब, बारा, सोळा. एका ठिकाणी पुन्हा बारा. पाळण्याजवळ गाणी चालली होती आणि मी तो कागद बराच वेळ वाचत बसले होते.